दार्जिलिंगची खरी चढण जॉयराइडमध्ये दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरहून सत्तरीपुढचे आई-बाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा यांना घेऊन डोंगरातल्या छोट्या गाडीत बसायला जायचं आहे. दार्जिलिंगला जावं की शिमल्याला? दार्जिलिंगची दोन तासांची जॉयराइड पुरेशी आहे की खालपासूनचा प्रवास करावा? ही गाडी इतकी अरुंद आणि इतकी हळू का असते, वयस्कर माणसांसाठी ती सुरक्षित आहे का? आणि बाबांनी मुद्दाम विचारायला सांगितलेला प्रश्न: आपली छिंदवाड्याची छोटी गाडी बंद केली, मग त्या का ठेवल्या?

मी रेल्वेत रूळमार्गाच्या बाजूचा माणूस. रूळ, स्लीपर, गिट्टी, नाल्या, पूल, हेच माझं काम, आणि नोकरीचा मोठा भाग नागपूरच्या छोट्या लाईनवर गेला. दार्जिलिंग, शिमला आणि माथेरान हे तिन्ही मार्ग प्रवासी म्हणून पाहिले, आणि जिथे तिथल्या लोकांनी सोबत नेलं तिथे रुळाच्या कडेने चालूनही पाहिले. त्यामुळे माझं उत्तर डब्याच्या खिडकीपेक्षा डब्याखालच्या गोष्टींकडे जास्त झुकेल.

आधी सरळ सल्ला. आई-बाबांना चार-साडेचार तास बसणं जमत असेल तर दार्जिलिंगला जा. पण गाडी न्यू जलपाईगुडीहून कर्सियांगपर्यंत पकडा, तिथे उतरा आणि पुढे टॅक्सीने दार्जिलिंग गाठा. दुसऱ्या दिवशी वाफेच्या इंजिनाची जॉयराइड करा. गुडघे, लघवीची अडचण, थंडी यांमुळे ते अवघड वाटत असेल तर कालका–शिमला घ्या, तो प्रवास शरीराला पुष्कळ सोपा आहे. फक्त जॉयराइड करून परत येऊ नका. कारण आता सांगतो.

जॉयराइड दार्जिलिंगहून घुमला जाते आणि परत येते. घुम २,२५८ मीटरवर आहे, भारतातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन. दार्जिलिंग त्याच्या खाली आहे, म्हणजे जॉयराइडमध्ये गाडी जेमतेम दोनशे मीटरच्या आत चढते. वाटेत बतासियाचा फेरा लागतो, तिथे गोरखा सैनिकांचं युद्धस्मारक आणि स्वच्छ हवेत समोर कांचनजंगा. घुमला छोटंसं संग्रहालय आहे. सगळं सुंदर आहे, पण बतासिया हा मार्गाचा सोपा भाग आहे. तो फेरा १९१९ मध्ये, गाडी सुरू झाल्यावर जवळपास चाळीस वर्षांनी चढ हलका करायला टाकला. ज्या कामामुळे युनेस्कोने १९९९ मध्ये या रेल्वेला जागतिक वारशाचा दर्जा दिला, ते काम खाली सुकना ते महानदी या स्टेशनांच्या दरम्यान, जंगलात आहे. गाडी पुढे-मागे होत चढते ते सगळे झिगझॅग तिथे. अगदी लहान वळणाचा अगोनी पॉइंट तिथे. तिनधरियाचं वर्कशॉपही त्याच वाटेवर. दार्जिलिंगला विमान आणि टॅक्सीने जाऊन जॉयराइड करणारा प्रवासी यातलं काहीच पाहत नाही.

सिलिगुडी समुद्रसपाटीपासून साधारण १२० मीटरवर आहे. तिथून पहिले काही किलोमीटर सपाट मैदान, चहाचे मळे. सुकना सोडलं की डोंगर सुरू होतो आणि घुमपर्यंत सुमारे ६५ किलोमीटरमध्ये गाडी दोन हजार मीटरहून जास्त चढते. सरासरी काढली तर प्रत्येक तीस मीटरला एक मीटर चढ. अवघड जागी त्याहून बराच तीव्र. कर्जत–लोणावळा किंवा कसारा–इगतपुरी घाट सगळ्यांनी पाहिलाय, तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. तो चढ ३७ ला १ आहे. म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत नावाजलेल्या घाटापेक्षा तीव्र चढ दार्जिलिंगची गाडी तासन् तास चढते, तोही दातेरी रुळाशिवाय. उटीच्या गाडीला १२ ला १ चढासाठी मधोमध दातेरी पट्टी आहे. दार्जिलिंगला नाही. तिथे लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर नुसत्या घर्षणाने चढतं.

हे गणित मुलालाही समजेल. समजा चढ २५ ला १ आहे. एक टन वजन वर न्यायचं तर फक्त चढासाठी १,००० भागिले २५, म्हणजे ४० किलोचा जोर लागतो. वळणांचं घर्षण आणि चाकांचा विरोध धरून ५५ म्हणू. दार्जिलिंगचं 'बी' वर्गाचं वाफेचं इंजिन साधारण १५ टनांचं. ते सगळं वजन चारच चाकांवर आहे, आणि चारही चाकं चालवणारी आहेत. बिनकामाचं एकही चाक नाही. कोरड्या रुळावर चाकाची पकड वजनाच्या पाव भागाइतकी धरली तर जास्तीत जास्त पावणेचार टनांचा जोर मिळतो. त्यापेक्षा जास्त वाफ दिली तर चाक जागच्या जागी गरगर फिरतं. पावणेचार टन भागिले ५५ किलो म्हणजे ६८ टन, त्यातून इंजिनाचं स्वतःचं वजन वजा करा, उरले ५३. हे कोरड्या, स्वच्छ रुळावर, कागदावर. आता धुकं आलं, रुळावर ओली पानं पडली, की पकड निम्म्यावर येते. मग इंजिनामागे वीस टनांच्या आत, म्हणजे दोन-तीन छोटे डबे.

म्हणून तिथल्या वाफेच्या गाडीला तीनच डबे दिसतात आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूला दोन माणसं बसलेली दिसतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात, पण ती काय करतात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती रुळावर वाळू टाकतात, एक डाव्या रुळाची, एक उजव्याची. चाक घसरायला लागलं हे ड्रायव्हरच्या आधी त्यांना कळतं, आवाजावरून. वाळू जास्त पडली तर रूळ आणि चाक दोन्ही झिजतात, कमी पडली तर गाडी थांबते, आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं हे सर्वांत कठीण. शिवाय इंजिनावरच एक जण बसून कोळसा फोडत असतो, कारण भट्टी लहान आहे, मोठे ढेकळे जळत नाहीत. ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा आणि दोन वाळूवाले: एवढ्या लहान इंजिनाला पाच माणसं. यातली काही इंजिनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहेत. हा वर्ग १८८९ पासून जवळपास चार दशकं बनत राहिला. मुलाला घेऊन इंजिनाजवळ उभे राहाल तेव्हा त्याला आधी या माणसांकडे बघायला सांगा.

रूळ इतके अरुंद का, याचं उत्तर वळणात आहे. आपल्या ब्रॉडगेजला दोन रुळांतलं अंतर १,६७६ मिलिमीटर. दार्जिलिंगला ६१०, म्हणजे दोन फूट, माथेरानलाही तेवढंच. गाडी एक पूर्ण वर्तुळ फिरली तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. ब्रॉडगेजवर हा फरक साडेदहा मीटर येतो, दोन फुटी गेजवर चार मीटरच्याही आत. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच धुऱ्यावर घट्ट बसवलेली असतात, मोटारीसारखी वेगळी फिरत नाहीत. त्यामुळे फरक जितका मोठा तितकं एक चाक घासत जाणार. गेज कमी केला की हा फरक घटतो, डबेही लहान होतात, आणि गाडी फार लहान जागेत वळते. ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येचं वळण म्हणजे शेवटची मर्यादा. कालका–शिमल्याला सुमारे साडेसदतीस मीटरपर्यंत वळणं आहेत. दार्जिलिंगच्या अगोनी पॉइंटला त्रिज्या जेमतेम १८ मीटर. तिथे पुढच्या डब्यातून मागचा डबा जवळजवळ समोर दिसतो.

चाकाचा माथा सपाट नसतो, आतल्या कडेकडे किंचित जाड होत जातो. मुलाला हे घरीच दाखवा: दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा आणि दोन समांतर काठ्यांवरून घरंगळवा. ते आपोआप मधोमध येत राहतात. हलक्या वळणावर गाडी याच युक्तीने वळते. पण अठरा मीटरच्या वळणावर ही युक्ती कमी पडते, चाकाची कड रुळाच्या बाजूला घासते, आणि तुम्हाला ती लांब, चिरत जाणारी किंकाळी ऐकू येते. तो आवाज बिघाडाचा नाही. असल्या वळणांवर कडेला वंगण लावणं आणि झिजलेला रूळ वेळेवर बदलणं हे रूळ सांभाळणाऱ्या कामगारांच्या गँगच्या रोजच्या कामात मोडतं.

पैशाचा भागही लक्षात घ्या. डोंगरात रुळासाठी जागा म्हणजे एकीकडे कापलेला कडा आणि दुसरीकडे बांधलेली भिंत. मार्ग जितका रुंद तितकी तोडणी आणि बांधकाम वाढतं. दार्जिलिंगची रेल्वे ज्यांच्या डोक्यातून आली त्या फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी तर तोडणीच बव्हंशी टाळली. आधीच बांधलेला हिल कार्ट रोड होता, त्याच्याच कडेने रूळ टाकले. १८७९ मध्ये काम सुरू झालं, १८८० मध्ये गाडी कर्सियांगला पोचली आणि जुलै १८८१ मध्ये दार्जिलिंगला. दोन वर्षांत एवढं काम, ते यामुळेच. आणि याचमुळे आजही गाडी रस्ता शंभरावर ठिकाणी ओलांडते, कर्सियांगच्या बाजारात दुकानांच्या दाराला खेटून जाते.

पण रस्त्याचा चढ काही जागी इंजिनाला झेपेना. म्हणून १८८२ च्या सुमारास खालच्या भागात फेरे आणि झिगझॅग टाकले. या दोन वेगळ्या युक्त्या आहेत. डोंगराची सोंड पुढे आलेली असेल, तिच्याभोवती रूळ गुंडाळायला जागा असेल, तर फेरा: गाडी गोल फिरून स्वतःच्याच रुळावरून वर निघते. तशी जागा नसेल, नुसता उभा उतार असेल, तर झिगझॅग. गाडी पुढे जाऊन एका बंद टोकाशी थांबते, काटा बदलतो, गाडी उलटी, मागे ढकलत वर चढते, दुसऱ्या बंद टोकाला थांबते, पुन्हा काटा बदलतो आणि सरळ पुढे निघते. जिथून आली तो रूळ आता खाली दिसत असतो. मराठी माणसाला हे अनोळखी नाही. खंडाळ्याच्या घाटात १८६३ मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हा असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ मध्ये नवा मार्ग काढल्यावर ते बंद झालं. आपल्याकडे जे फक्त जुन्या नकाशात उरलं, ते दार्जिलिंगला आजही रोज चालतं. कर्सियांगचं स्टेशनसुद्धा असंच: गाडी आत येते आणि पुढे जाण्यासाठी आधी उलटी बाहेर निघते, भर चौकातली वाहतूक थांबवून. तुम्ही तिथे उतरणार असाल तर लगेच टॅक्सी शोधायला धावू नका, आपलीच गाडी बाहेर निघताना दहा मिनिटं उभं राहून पाहा.

सध्या खालून वर जाणाऱ्या गाडीला डिझेल इंजिन असतं. ती इंजिनं २००० पासून आली. वाफेची हौस असेल तर ती वर जॉयराइडमध्ये भागवता येते, म्हणून मी दोन्ही मिळून करायला सांगितलं. डिझेलची गाडी निवडली म्हणून काही गमावलं असं मानू नका. झिगझॅगवर गाडी उलटी फिरते तेव्हा पुढे कोणतं इंजिन आहे याने फरक पडत नाही. पूर्ण दार्जिलिंगपर्यंत बसायचं म्हटलं तर सात तासांहून जास्त लागतात, आणि कर्सियांगनंतर टुंग, सोनादा या बाजूला बराच वेळ रस्त्यालगत, धुळीत आणि हॉर्नमध्ये जातो. तरुण असाल तर तेही करा. आई-बाबांना ते सोसवू नका. डब्यात स्वच्छतागृह आहे का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या, आणि कर्सियांगची टॅक्सी आधी ठरवून ठेवा.

शिमला हा वेगळ्या स्वभावाचा मार्ग आहे. दार्जिलिंगला रूळ डोंगराच्या अंगावरून वाट काढतो; कालका–शिमल्याला इंजिनिअरांनी डोंगर फोडला आणि दऱ्यांवर दगडी कमानी उभ्या केल्या. ९ नोव्हेंबर १९०३ ला मार्ग सुरू झाला. ९६ किलोमीटर, बोगद्यांना १०३ पर्यंत क्रमांक दिलेले, आठशेहून अधिक पूल. कालका ६५६ मीटरवर, शिमला दोन हजार मीटरच्या वर, आणि चढ बव्हंशी ३३ ला १ च्या आत राखलेला. दार्जिलिंगपेक्षा हलका, म्हणून झिगझॅगची गरज पडली नाही, गाडीही जरा लांब आणि वेगवान चालते. बडोगचा ३३ नंबरचा बोगदा १,१४३ मीटर लांब आहे, आणि तो संपताच स्टेशन लागतं. तिथे चहा प्यायला उतरता येतं. कनोहजवळचा ५४१ क्रमांकाचा पूल चार मजली कमानींचा आहे, एकावर एक. लोखंडाचा एक गर्डर नाही, सगळी गवंड्याची करामत. माझ्या लेखी भारतातल्या रेल्वेवरचं दगडकामाचं हे शिखर आहे. युनेस्कोने २००८ मध्ये तो मार्ग यादीत घेतला.

या मार्गाशी नागपूरचं थेट नातं आहे, बाबांना ते नक्की सांगा. सुरुवातीला तिथेही दोन फुटी गेज ठरला होता. लष्कराच्या आग्रहाने तो अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर केला. आणि ७६२ हाच आपला गेज. बेंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूर, नैनपूर–छिंदवाडा, मग छिंदवाडा–नागपूर अशी सातपुड्यात जी छोट्या लाईनची जाळी विणली ती सगळी याच गेजची, त्याच काळातली. बाबांनी छिंदवाड्याला जाताना ज्या रुंदीच्या रुळावर प्रवास केला, शिमल्याला तेच अंतर पायाखाली असेल.

आता त्यांचा प्रश्न. आपली का गेली आणि त्या का राहिल्या?

छोटी लाईन जिथे मोठ्या लाईनला भेटते तिथे प्रत्येक पोतं आणि प्रत्येक टोपली हाताने उतरवून दुसऱ्या वॅगनमध्ये चढवावी लागते. कोळसा, बांबू, धान्य, सगळंच. वेळ जातो, माल सांडतो, मजुरी वाढते. १९९२ मध्ये रेल्वेने सगळीकडे एकच गेज करायचं धोरण घेतलं, त्याच्या मुळाशी हाच हिशोब होता. सावनेर, सौंसर, रामाकोना, उमरानाला या गावांना नागपूरच्या बाजारात, दवाखान्यात, कॉलेजात लवकर पोचायचं होतं. छोटी गाडी ते देऊ शकत नव्हती. २०१५ च्या नोव्हेंबरअखेर छिंदवाड्याची छोटी गाडी थांबली, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नागभीडचीही. नागभीडच्या वाटेवर काळ्या मातीने आम्हाला फार छळलं. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि नीट बसवलेला रूळ दर मोसमात वर-खाली होतो. गिट्टी घालत राहा, टॅम्पिंग करत राहा, म्हणजे स्लीपरखाली ती ठोकून बसवत राहा. तिथे नवा भक्कम भराव आणि ब्रॉडगेज हे योग्यच होतं. गावकऱ्यांची सोय आधी, हे मी मनापासून मानतो.

दार्जिलिंगला आणि शिमल्याला तसं घडलं नाही, कारण तिथे ब्रॉडगेज त्या वाटेने जाऊच शकत नाही. १७५ मीटरच्या वळणाची लाईन त्या डोंगरावर न्यायची तर जुन्या मार्गाचा एक मीटरही उपयोगी पडत नाही, सगळा मार्ग नवा, बोगद्यांतून काढावा लागतो. घाईचा प्रवासी तिथे केव्हाच बस आणि जीपकडे गेला. जो उरला तो गाडीत बसण्यासाठीच बसतो, म्हणून हळू असणं तिथे दोष ठरत नाही. त्यावर वारशाचा दर्जा आला आणि डोंगरी गाड्या गेज बदलण्यातून वगळल्या गेल्या.

पण एक गोष्ट मला लागून राहिली आहे. छिंदवाड्याच्या वाटेवर रामाकोनानंतर भिमालगोंदीचा घाट लागायचा. सागाचं जंगल, वळणामागून वळण, पावसाळ्यात धुकं. मोठी लाईन नव्या मार्गाने जाणारच होती. घाटातला जुना तुकडा, त्याच्या दोन बाजूंची दोन स्टेशनं आणि एक गाडी राखता आली असती. वर्कशॉप नागपुरात होतं, कारागीर होते, इंजिनं होती. विदर्भातल्या मुलांना घाटातली छोटी गाडी बघायला आज माथेरान नाहीतर सिलिगुडीपर्यंत जावं लागतं, ते मग लागलं नसतं. वारसा म्हणून जे जपायचं ते बंद करण्याच्या आधी ठरवावं लागतं. एकदा रूळ भंगारात गेले की पुन्हा टाकायला कुणी पैसा देत नाही.

सुरक्षिततेविषयी. वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर, शिमल्याला पंचवीसच्या आसपास. या वेगात मोठा अपघात दुर्मीळ असतो. डोंगरात खरी परीक्षा उतरताना असते, चढताना नाही. म्हणून ब्रेकची तपासणी खूप काटेकोर असते. प्रवाशाला इजा होते ती बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या हाताने. दार्जिलिंगला भिंती, खांब, दुकानांच्या पायऱ्या हातभर अंतरावर असतात, शिमल्याला बोगद्याचं तोंड अचानक येतं. मोबाइल बाहेर काढून हात लांब करणं, दारात उभं राहणं, गाडी हळू आहे म्हणून चालत्या गाडीतून उतरणं, हे तिन्ही मुलाला आधीच बजावून ठेवा. वाफेच्या गाडीत कोळशाची बारीक कणी डोळ्यात जाते. साधा चष्मा जवळ ठेवा आणि डोळा चोळू नका, पाण्याने धुवा.

डोंगरातल्या रुळाचा खरा शत्रू पाणी. कापलेल्या कड्यात पाणी मुरतं, माती जड होते आणि एका रात्री सगळं खाली येतं. पागलाझोऱ्याजवळ २०१० मध्ये दरड कोसळून रस्ता आणि रूळ दोन्ही वाहून गेले. पुढच्या वर्षी तिनधरियाजवळ पुन्हा. न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग सलग गाडी सुरू व्हायला २०१५ उजाडलं. शिमल्याला २०२३ च्या ऑगस्टमध्ये समरहिलजवळ भराव वाहून गेला आणि रूळ नुसते हवेत लोंबकळले. माथेरानची गाडी तर पावसाळ्यात नेरळहून बंदच ठेवतात, फक्त अमन लॉज ते माथेरान चालवतात, आणि ते शहाणपणाचं आहे. म्हणून जून ते सप्टेंबर जाऊ नका. नागपूरच्या मे महिन्यातून पळायचं असेल तर मेचा पहिला पंधरवडा ठीक, पण गर्दी असते आणि डोंगर धुरकट दिसतात. कांचनजंगा पाहायचं असेल तर दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. तेव्हा घुमला सकाळी चांगली थंडी असते. आई-बाबांना कानटोपी आणि पायमोजे घालूनच बसवा.

निघण्याआधी एक रविवार मोतीबागेच्या छोट्या लाईनच्या रेल्वे संग्रहालयासाठी ठेवा. कडबी चौकाजवळ आहे, २००२ मध्ये सुरू झालं. तिथे सातपुड्यातल्या लाईनवर चाललेली इंजिनं आणि डबे उभे आहेत. मुलाच्या हातात मोजपट्टी द्या आणि रुळांतलं अंतर त्यालाच मोजू द्या. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं. चाकाची कड, तिचा आतला उंच भाग, ब्रेकचे ठोकळे, डबे जोडणारा मधला हुक, हे सगळं तिथे शांतपणे हात लावून पाहता येतं. चालत्या गाडीत ते दिसत नाही. बाबांनाही सोबत न्या. कोणत्या डब्यातून कुठे गेले होते ते त्यांना तिथे आठवेल, आणि मुलाला ते कोणत्याही गाइडपेक्षा चांगलं समजेल.

प्रवासाची जोडणी सोपी आहे. दार्जिलिंगसाठी नागपूरहून हावडा गाठा, गीतांजली किंवा हावडा मेल, मग सियालदहहून रात्रीची दार्जिलिंग मेल पकडली की सकाळी न्यू जलपाईगुडी. पण त्याच सकाळी छोटी गाडी पकडायचा बेत करू नका. मोठी गाडी दोन तास उशिरा आली तर छोटी निघून गेलेली असते, आणि तिला डबे इतके कमी की दुसऱ्या दिवशी जागा मिळेल याची खात्री नसते. सिलिगुडीत एक रात्र काढा, आई-बाबांची झोपही होईल. शिमल्यासाठी दिल्लीमार्गे कालका, नेताजी एक्स्प्रेसने. दोन्हीकडची तिकिटं आयआरसीटीसीवर मिळतात, आरक्षण उघडताच काढा, आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी मार्ग चालू आहे ना, गाडी पूर्ण जाते की मधूनच फिरवतात, हे पुन्हा तपासा. परतीचं तिकीट काढताना मध्ये एक मोकळा दिवस ठेवा. दरडीमुळे किंवा धुक्यामुळे एका दिवशी गाडी सुटली नाही तर दुसऱ्या दिवशी बसता येईल.